विश्लेषण : गाणी तीच, तबकड्या तीन... शनाया ट्वेनच्या ‘अप!’वरून कंट्री श्रोते का भांडले?

कंट्री गायिकेने पॉपकडे झुकणारा अल्बम काढला की अमेरिकेत एक ठरलेला वाद सुरू होतो. जुने श्रोते म्हणतात, ही आता आपली राहिली नाही. नवे श्रोते म्हणतात, गाणे कानाला गोड लागते ना, मग त्यावर कोणता शिक्का आहे हे कशाला पाहायचे? टेलर स्विफ्टच्या वेळी हेच झाले, केसी मस्ग्रेव्ह्जच्या वेळी हेच झाले. बियॉन्से पॉपकडून उलट कंट्रीकडे आली तेव्हाही बाजू बदलून तोच वाद रंगला. या सगळ्यांच्या आधी, १९ नोव्हेंबर २००२ रोजी, कॅनडाच्या शनाया ट्वेनने या वादावर एक अजब तोडगा बाजारात आणला. ‘अप!’ या तिच्या अल्बमची १९ गाणी तीन वेगवेगळ्या साजांत ध्वनिमुद्रित झाली होती. लाल तबकडी पॉपची, हिरवी कंट्रीची आणि निळी भारतीय बाजाची. निळ्या तबकडीसाठी लागणारी वाद्ये चक्क मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. श्रोत्याने आपल्या आवडीची तबकडी लावावी आणि भांडण मिटवावे, असा हा हिशेब. भांडण मात्र मिटले नाही.

शनाया ट्वेन कोण?

जन्म १९६५चा, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातला. बालपण टिमिन्स या खाणकामगारांच्या गावात, हलाखीत गेले. लहानपणापासून ती बारमध्ये गात असे. १९८७ मध्ये आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात गेले आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी विशीतल्या मुलीवर आली. एका रिसॉर्टमध्ये रोजच्या कार्यक्रमांत गाऊन तिने घर चालवले. कंट्री संगीतात ‘खरेपणा’ मोजताना गरिबी, कष्ट आणि लहान गाव या तीन गोष्टींना मोठे वजन असते. त्या हिशेबाने शनायाची पात्रता नॅशव्हिलमधल्या अनेक गायकांपेक्षा जास्त होती. तरीही तिलाच ‘खोटी’ ठरवले गेले, आणि त्याला कारण होते तिच्या गाण्यांचा आवाज.

हा आवाज घडवणारा माणूस रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ आणि डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ हे हार्ड रॉकचे गाजलेले अल्बम त्याच्या निर्मितीतले. १९९३ मध्ये त्याचे आणि शनायाचे लग्न झाले आणि दोघे मिळून गाणी लिहू लागले. लँगची पद्धत वेगळी होती. आवाजांचे थरावर थर चढवायचे, ढोलाचा प्रत्येक ठोका मोठा आणि स्वच्छ ठेवायचा, आणि ध्रुवपद असे रचायचे की स्टेडियममधल्या हजारो लोकांना एकदम म्हणता यावे. रॉकमध्ये कमावलेली ही सगळी कारागिरी त्याने फिडल आणि स्टील गिटारच्या शेजारी आणून बसवली. १९९५च्या ‘द वुमन इन मी’ने अमेरिकेत एक कोटीचा टप्पा ओलांडला. त्यानंतर नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘कम ऑन ओव्हर’ आला आणि सगळे हिशेबच बदलले.

‘कम ऑन ओव्हर’वर आक्षेप काय होता?

विक्रीवर आक्षेप घेण्याची सोयच नव्हती. अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने या अल्बमला दोन कोटी प्रतींचे प्रमाणपत्र दिले, आणि जगभरातील विक्री चार कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते. १६ पैकी १२ गाणी सुटी म्हणून बाजारात आली. बिलबोर्डच्या कंट्री अल्बमच्या यादीत तो ५० आठवडे पहिल्या क्रमांकावर होता.

आक्षेप होता तो दुसऱ्याच गोष्टीला. अमेरिकेबाहेर विकण्यासाठी १९९८ मध्ये या अल्बमची वेगळी आवृत्ती काढण्यात आली. तिच्यात गाण्यांचा क्रम बदलला होता, आणि फिडल व स्टील गिटार मागे सारून कीबोर्ड आणि ताल पुढे आणले होते. जुन्या श्रोत्यांच्या जिव्हारी लागले ते हे. जगापुढे जाताना आपल्या संगीताची ओळख सांगणारी वाद्येच पुसावी लागतात, हा त्यांना अपमान वाटला. त्यातला राग समजण्यासारखा आहे. ज्या वाद्यावर एखाद्या समाजाने आपले दुःख आणि आनंद वाजवला, ते वाद्य निर्यातीच्या मालातून अडचण म्हणून वगळले, तर त्या समाजाने खूश व्हावे तरी कशावर?

दुसरी बाजूही आहे. सॅटेलाइट वाहिन्यांवरून हे गाणे ऐकणाऱ्या आशियातल्या तरुणांना कंट्री म्हणजे काय, हे बहुधा ठाऊकही नव्हते. ‘यू आर स्टिल द वन’ त्यांच्यासाठी निव्वळ एक छान प्रेमगीत होते. पुण्या-मुंबईत पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या पिढीने ते पॉप म्हणूनच ऐकले, आणि त्यात आपण कुणाची परंपरा मोडतो आहोत, असे त्या पिढीला वाटण्याचे कारणच नव्हते. याच गाण्याला ग्रॅमीने कंट्री विभागातले पुरस्कार दिले. म्हणजे एकच गाणे नॅशव्हिलमध्ये कंट्री होते आणि बाकी जगात पॉप. अमेरिकेच्या कंट्री म्युझिक असोसिएशननेही १९९९ मध्ये ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा आपला सर्वोच्च पुरस्कार शनायाला दिला. धंद्याने तिला आपले मानले होते. अडून बसला होता तो श्रोत्यांतला एक गट.

मग ‘अप!’च्या तीन तबकड्या कशासाठी?

याच तक्रारीला उत्तर म्हणून. अमेरिका आणि कॅनडात लाल व हिरवी तबकडी एकाच वेष्टनात मिळे, इतर देशांत लाल आणि निळी. कंट्री रेडिओ केंद्रांकडे हिरव्या तबकडीतले गाणे जायचे, पॉप केंद्रांकडे लाल. शब्द आणि चाल जागच्या जागी. बदलायचा तो साज. लाल आवृत्तीत इलेक्ट्रिक गिटार आणि सिंथेसायझर, हिरवीत मँडोलिन, फिडल, बँजो आणि पेडल स्टील.

निळ्या तबकडीची कथा अधिक गमतीची. बर्मिंगहॅममधले सायमन आणि डायमंड दुग्गल हे भारतीय वंशाचे संगीतकार बंधू तिचे निर्माते. तिच्यातील तालवाद्ये आणि वाद्यवृंदाचे तुकडे मुंबईत ध्वनिमुद्रित झाले, आणि एकूण बाज हिंदी चित्रपटसंगीताची आठवण करून देणारा ठेवण्यात आला. हिंदी चित्रपटांसाठी एका बैठकीत चार शैली वाजवायची सवय असलेल्या मुंबईच्या वादकांना हे काम परके वाटले नसावे. ऐकणाऱ्याला मात्र एक गोष्ट लगेच जाणवते. निळ्या तबकडीत भारतीय वाद्ये गाण्याच्या अंगावर दागिन्यासारखी चढवली आहेत. ती चालीच्या पोटातून उगवत नाहीत. चाल मुळातच रॉकच्या सरळ, चौकोनी मात्रांवर बेतलेली. तिला मींड, लपेट किंवा ठेक्यातली लवचीकता मानवत नाही. आपल्याकडच्या कानाला म्हणून ही तबकडी थोडी परदेशी लग्नातल्या शेरवानीसारखी वाटते. शिवण उत्तम, पण बेतलेली दुसऱ्याच अंगावर.

प्रयोगाचे यश नाकारता येत नाही. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ८ लाख ७४ हजार प्रती विकल्या गेल्या. पुढे अल्बमला १ कोटी १० लाखांचे प्रमाणपत्र मिळाले आणि लागोपाठ तीन अल्बम कोटीपार नेणारी गायिका म्हणून शनायाचे नाव झाले. इथे एक मेख आहे. शंभर मिनिटांहून लांब असलेला दोन तबकड्यांचा संच विकला गेला की संघटना त्या दोन प्रती धरते. दुकानांच्या प्रत्यक्ष विक्रीची नोंद ठेवणाऱ्या साउंडस्कॅनच्या आकड्यांनुसार ‘अप!’चे अमेरिकेत सुमारे ५५ लाख संच खपले. आकडा मोठाच आहे, पण ‘कम ऑन ओव्हर’च्या पासंगाला न पुरणारा. शिवाय ‘अप!’मधले एकही गाणे बिलबोर्डच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिले आले नाही. १९९५ ते १९९८ या काळात शनायाची सात गाणी तिथे पहिली आली होती. कंट्री श्रोत्यासाठी म्हणून खास वेगळी तबकडी काढल्यावर कंट्री यादीतली पकड सैल झाली, हे या प्रयोगाचे सर्वांत बोलके फलित.

श्रोत्यांची मते इतकी दुभंगलेली का होती?

कारण ते एका गोष्टीबद्दल बोलत नव्हते. ‘अप!’ ऐकणाऱ्यांत एक गट असा होता, ज्याला गाणे कोणत्या वाद्यावर वाजते याला महत्त्व होते. त्यांना हिरवी तबकडी फसवणूक वाटली. पॉप गाण्यावर फिडल चिकटवले म्हणून ते कंट्री होत नाही, हे त्यांचे म्हणणे आणि त्यात तथ्य आहे. कंट्री गाण्यात बहुधा एखादी गोष्ट असते, माणसे असतात, जागा असते. ‘अप!’मधली बरीचशी गाणी घोषवाक्यांसारखी आहेत. उद्गारचिन्हे तर इतकी, की अल्बमचे नावही त्यातून सुटले नाही. अशा गाण्याला बँजो दिला काय आणि कीबोर्ड दिला काय, त्याचा गाभा तोच राहतो.

दुसऱ्या गटाला हिरव्या तबकडीनेच शनाया पुन्हा सापडवून दिली. ‘फॉरएव्हर अँड फॉर ऑलवेज’सारख्या संथ गाण्यात स्टील गिटारच्या लांब सुरांना जागा मिळते आणि आवाजातला ओलावा वर येतो. लाल आवृत्तीच्या चकचकाटात तो हरवतो. उलट कर्ज काढून खरेदी करणाऱ्या समाजाची टर उडवणारे ‘का-चिंग!’ लाल तबकडीतच शोभते, कारण त्याचा विषयच चकचकाट आहे. युरोपात ते गाजले, अमेरिकेत सुटे गाणे म्हणून काढलेसुद्धा नाही. तेव्हा गाण्यागणिक मत बदलावे असा हा अल्बम होता. पण वाद अल्बमगणिक झाला, आणि त्याहूनही जास्त गायिकेगणिक.

तिसरा एक गट फारसा बोलत नाही, कारण त्याला वाद घालायचाच नसतो. कामावर जाताना गाडीत रेडिओ लावणारा, मुलांना शाळेतून आणताना ‘अप!’ मोठ्याने म्हणणारा. प्रती विकल्या जातात त्या मुख्यतः याच गटामुळे. समीक्षक आणि परंपरावादी दोघेही त्याला हिशेबात धरत नाहीत. तिन्ही तबकड्यांचा खर्च ज्याच्यासाठी केला, त्याला एकच पुरली असती.

ज्या परंपरेचा हवाला दिला जातो, ती तरी किती शुद्ध?

फारशी नाही. कंट्रीची ओळख मानली जाणारी स्टील गिटार हवाई बेटांवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य भूमीवर आली. बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स याने १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटसह गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या पूजनीय रंगमंचावर पूर्ण ड्रमसेटला कित्येक वर्षे मज्जाव होता. आज ड्रमशिवायचे कंट्री गाणे शोधावे लागते.

पॉपशी सोयरीकही जुनीच. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलने तरुण श्रोता पळवला, तेव्हा चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी कंट्रीतून फिडल आणि स्टील बाजूला केले, त्यांच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि मऊ कोरस आणला. ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात तो हाच. पॅट्सी क्लाइनचे १९६१चे ‘क्रेझी’ त्याच घडणीचे. आज ते अस्सल कंट्रीचा नमुना म्हणून ऐकवले जाते. काल ज्याला भेसळ म्हटले ते आज परंपरा झाले, हे कंट्रीच्या इतिहासात वारंवार दिसते.

भांडणेही वारंवार दिसतात. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातील सर्वोत्कृष्ट गायिका ठरवले. लोरेटा लिन आणि डॉली पार्टन स्पर्धेत असताना! चिडलेल्या कलावंतांनी जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमून वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी त्याच सोहळ्यात चार्ली रिचने विजेता म्हणून जॉन डेन्व्हरचे नाव असलेला कागद भर मंचावर लायटरने पेटवला. त्याने ते निषेध म्हणून केले की त्या संध्याकाळी तो शुद्धीवरच नव्हता, यावर आजही वाद घातला जातो. स्वतः रिचची लोकप्रियता पॉपच्या वळणाच्या गाण्यांवर उभी होती, ही त्यातली गंमत.

सर्वांत शहाणी निघाली डॉली पार्टन. १९७७ मध्ये ‘हिअर यू कम अगेन’ हे पॉप गीतकारांचे गाणे गाताना आपले श्रोते दुरावतील, अशी तिला धास्ती होती. तिने निर्मात्याला सांगून गाण्यात स्टील गिटार घालून घेतली. कुणी विचारलेच तर दाखवायला पुरावा हवा ना! गाणे पॉप आणि कंट्री अशा दोन्हीकडे चालले. शनायाच्या हिरव्या तबकडीची कल्पना एका परीने तेव्हाच जन्माला आली होती. डॉलीने एका वाद्यात भागवले, शनायाने त्यासाठी अख्खी तबकडी खर्ची घातली.

या वादात पणाला काय लागलेले असते?

निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर इतका कडवटपणा आला नसता. कंट्रीच्या श्रोत्याला आपण मोजलेच जात नाही, ही जुनी खंत आहे आणि तिला आधारही आहे. १९९१ पर्यंत बिलबोर्डच्या याद्या दुकानदारांना विचारून तयार होत. त्या वर्षी साउंडस्कॅनने दुकानातल्या प्रत्यक्ष विक्रीचे आकडे घ्यायला सुरुवात केली. काही महिन्यांतच गार्थ ब्रूक्सचा ‘रोपिन द विंड’ थेट पहिल्या क्रमांकावर अवतरला. कोणत्याही कंट्री अल्बमला तोवर हे जमले नव्हते. श्रोता आधीपासूनच होता. त्याच्याकडे कुणी पाहिले नव्हते इतकेच.

एकदा तो दिसल्यावर मात्र सगळा धंदा त्याच्यामागे लागला. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रे ताब्यात ठेवावीत यावरील मर्यादा सैल केल्या. क्लिअर चॅनल या कंपनीकडे पाहता पाहता बाराशेवर केंद्रे जमा झाली. गावोगावचे निवेदक जाऊन मध्यवर्ती यादीतली तीच ती गाणी सर्वत्र वाजू लागली. पन्नाशीपुढचे गायक आणि जुन्या बाजाची गाणी यादीतून गळाली. १९९९ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘मर्डर ऑन म्युझिक रो’ या गाण्याने तर कंट्रीचा खूनच झाल्याचा आरोप केला. पुढच्या वर्षी जॉर्ज स्ट्रेट आणि अ‍ॅलन जॅक्सन यांनी ते गायले आणि त्याला उद्योगाचेच पुरस्कार मिळाले! ज्यांच्यावर आरोप, त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

याच सुमारास ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम आला. ब्लूग्रास आणि जुनी भजने असलेला, कंट्री रेडिओने जवळपास न वाजवलेला. लाखो प्रती खपून २००२ मध्ये त्याने वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळवले. ऑगस्ट २००२ मध्ये डिक्सी चिक्सचा ‘होम’ हा अकूस्टिक वाद्यांचा अल्बम पहिल्या आठवड्यात ७ लाख ८० हजार खपला. त्यानंतर तीनच महिन्यांनी ‘अप!’ आला. म्हणजे जुन्या बाजाला गिऱ्हाईक नाही, हे कंपन्यांचे म्हणणे बाजारानेच खोटे पाडले होते. अशा वेळी हिरवी तबकडी हाती पडलेल्या श्रोत्याला राग आला तर नवल नाही. त्याला वेगळे वेष्टन नको होते, रेडिओवर जागा हवी होती. त्याचा राग शनायावर निघाला. तो खरे तर केंद्रचालकांवर निघायला हवा होता.

गायकाला एक न्याय, गायिकेला दुसरा?

कंट्रीच्या शुद्धतेची पहारेदारी सर्वांवर सारखी चालत नाही. २०१२ मध्ये बिलबोर्डने कंट्री गाण्यांच्या यादीचे नियम बदलले. कंट्री केंद्रांबरोबरच पॉप केंद्रांवरील प्रसारण, डिजिटल विक्री आणि स्ट्रीमिंगही धरले जाऊ लागले. त्याचा पहिला लाभ टेलर स्विफ्टच्या ‘रेड’मधल्या पॉप गाण्याला झाला आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. त्याच नियमाच्या जोरावर फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’ रॅपर नेलीच्या साथीने २४ आठवडे पहिले राहिले. २०१७ मध्ये सॅम हंटचे गाणे ३४ आठवडे. समीक्षकांनी नाके मुरडली, पण ‘हे कंट्रीच नाही’ म्हणून या पुरुषांना कुणी बाहेर काढले नाही. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ मात्र कंट्रीच्या यादीतून काढून टाकण्यात आले. पुढे ते अमेरिकेच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिले होते.

अपवाद सांगायचा तर गार्थ ब्रूक्सचा. १९९९ मध्ये त्याने ख्रिस गेन्स या काल्पनिक रॉक गायकाचा वेष घेऊन पॉप अल्बम काढला, आणि श्रोत्यांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. पण नंतर तो टोपी घालून परतला तेव्हा कुणी त्याच्याकडे पुरावा मागितला नाही.

गायिकांची अवस्था २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघड केली. कंट्री रेडिओ म्हणजे सॅलड. त्यातली पालेभाजी पुरुष आणि स्त्रिया टोमॅटोच्या फोडी, असे त्याचे गणित. दोन गायिकांची गाणी लागोपाठ वाजवू नयेत, हा त्यावरचा सल्ला. जिथे मुळात जागाच इतकी थोडी, तिथे गायिकेने पॉपचे दार ठोठावले तर तिला घरभेदी ठरवणे अन्यायाचे आहे. टेलर स्विफ्टने २०१४ मध्ये ‘१९८९’ काढताना हा आपला पहिला अधिकृत पॉप अल्बम असल्याचे जाहीर करून टाकले. पहिल्या आठवड्यात १२ लाख ८७ हजार प्रती गेल्या. शनायाने दोन्ही दगडांवर पाय ठेवायला तीन तबकड्या वापरल्या, टेलरने एक दगडच सोडला. श्रोत्यांचा राग टेलरच्या बाबतीत लवकर निवळला, यात आश्चर्य नाही. सांगून गेलेल्या माणसाची वाट कुणी पाहत नाही.

मग ठरवायचे कुणी?

सध्या तरी ते समित्या ठरवतात. केसी मस्ग्रेव्ह्जच्या ‘गोल्डन अवर’मध्ये डिस्कोचा ताल आणि आवाजाला यांत्रिक रूप देणारा व्होकोडर होता. २०१९ मध्ये त्याला कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचेही. तिचाच पुढचा ‘स्टार-क्रॉस्ड’ २०२१ मध्ये छाननी समितीने कंट्री अल्बमच्या विभागात बसत नाही म्हणून बाजूला काढला. तिच्या कंपनीच्या प्रमुखांनी पत्र लिहून विरोध नोंदवला. त्याहून मजेशीर म्हणजे, त्याच अल्बममधले ‘कॅमेरा रोल’ हे गाणे कंट्रीच्या दोन विभागांत नामांकित झाले. अल्बम कंट्री नाही, गाणे मात्र आहे! बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला २०२४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचे एकही नामांकन नव्हते. काही महिन्यांनी ग्रॅमीने त्याच अल्बमला कंट्रीतला सर्वोत्कृष्ट ठरवले. यावर टीका करणाऱ्यांनी वापरलेले शब्द १९७४चेच होते.

त्यानंतर २०२५ मध्ये ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीने कंट्री अल्बमच्या पुरस्काराचे दोन भाग केले. एक पारंपरिक, दुसरा समकालीन. पारंपरिकमध्ये वाद्यांना महत्त्व. अकूस्टिक गिटार, स्टील, फिडल, बँजो, मँडोलिन अशा वाद्यांची खूण तिथे पाहिली जाणार. शनायाने २००२ मध्ये वेष्टनात जे केले, ते अकादमीने नियमात केले, फक्त रंग दिले नाहीत. ‘अप!’ आज आला असता तर लाल तबकडी समकालीनमध्ये गेली असती आणि वाद्यांची यादी पाहता हिरवी पारंपरिकमध्ये अर्ज करू शकली असती, तेही तीच १९ गाणी, त्याच चाली आणि तोच गळा घेऊन. निळी कुठे ठेवायची, हे नॅशव्हिलला तेव्हाही कळले नव्हते. तिच्यावर वाजवणाऱ्या मुंबईच्या वादकांना हा प्रश्न कुणी विचारलाही नाही.